पहिला चांगला घडीचा चाकू: पोलादाच्या नावाआधी पातं पाहा

खिशात ठेवायला पहिला चांगला चाकू घ्यायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘पोलाद कुठलं घेऊ?’ खरं तर आधी विचारायला हवं, रोज कापायचं काय आहे? खोकी, पार्सलवरची चिकटपट्टी, सुतळी, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, एखादं फळ, कधीतरी एखादी काडी तासणं. खिशातल्या चाकूला बहुतेक दिवस एवढंच काम असतं. त्याला जाडजूड, लढाऊ दिसणारं पातं लागत नाही. पातळ, नीट पाणी दिलेलं (म्हणजे तापवून-थंड करून योग्य तेवढं कडक केलेलं) आणि घरच्या घरी धार लावता येईल असं पातं लागतं. वजन इतकंच हवं की चाकू खिशात आहे हे दिवसभर जाणवू नये. ज्याचं ओझं वाटतं तो चाकू आठवडाभरात ड्रॉवरमध्ये जातो.

निवडायला बसण्याआधी तुम्ही राहता तिथला कायदा वाचा, कारण पात्याची लांबी आणि लॉक (उघडलेलं पातं जागेवर अडकवणारी कळ) या दोन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. उदाहरणार्थ, ब्रिटनमध्ये घडीच्या चाकूची धार ३ इंचांपेक्षा, म्हणजे ७.६२ सेंटिमीटरपेक्षा लांब नसेल आणि पातं उघडल्यावर लॉक होत नसेल, तरच तो सार्वजनिक ठिकाणी कारण न देता जवळ ठेवता येतो. तेवढंच पातं लॉकचं असेल तर सबळ कारण दाखवावं लागतं. काही देशांत एका हाताने उघडणाऱ्या चाकूंवर बंधनं आहेत. बटण दाबताच उसळून उघडणाऱ्या चाकूंवर तर बऱ्याच ठिकाणी थेट बंदी आहे. विमानाच्या केबिनमध्ये चाकू नेता येत नाही, म्हणून प्रवासाच्या आदल्या रात्री किल्ल्यांचा जुडगा आणि बॅगेचे छोटे कप्पे तपासा. विसरलेला चाकू तिथे सहज राहून जातो.

कायद्याच्या मर्यादेत राहून लांबी ठरवायची तर ६.५ ते ८.५ सेंटिमीटर हा पट्टा रोजच्या कामाला पुरेसा आहे. सहापेक्षा लहान पात्याने सफरचंदाचे एका फटक्यात दोन भाग होत नाहीत. नऊच्या वर गेलं की चाकू खिशात आडवा होतो, आणि चारचौघांत काढला की लोक दचकतात. पहिल्या चाकूला ७.५ सेंटिमीटरच्या आसपासचं पातं सर्वांत सोयीचं.

कापतं ते पात्याचं माप

दोन चाकू घ्या. पोलाद एकच, कडकपणा एकच, पण एक खोक्यातून सरसर जातो आणि दुसरा अडकत अडकत पुठ्ठा फाडतो. फरक आकारात आहे. पातं म्हणजे मुळात पाचर. पुठ्ठ्यात किंवा फळात शिरताना त्याला दोन्ही बाजू दूर ढकलत जावं लागतं, आणि पाचर जितकी जाड तितका जोर जास्त.

इथे तीन मापं पाहायची. पहिलं पाठीची जाडी. २ ते ३ मिलिमीटर भरपूर झाली. ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या ८ नंबरच्या चाकूची पाठ दोन मिलिमीटरपेक्षाही कमी आहे आणि तो उत्तम कापतो. दुसरं, पाठीकडून धारेकडे पातं कसं निमुळतं होत जातं ते. पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतार असेल तर पातं पातळ राहतं. उतार अर्ध्या उंचीपासून सुरू होत असेल तर पात्याचं वरचं अर्धं अंग जाड राहतं आणि खोल काप घेताना तिथेच अडतं. तिसरं माप सगळ्यात महत्त्वाचं आणि जाहिरातीत सहसा न दिलेलं, ते म्हणजे धारेच्या लगेच मागची जाडी. चांगल्या रोजच्या चाकूत ती ०.३ ते ०.५ मिलिमीटर असते. ०.८ च्या पुढे गेली की धार कितीही तीक्ष्ण असली तरी चाकू कापताना जड लागतो.

हे माप व्हर्नियर कॅलिपरशिवायही ओळखता येतं. पातं उजेडात तिरपं धरा. धारेच्या कडेने जी अरुंद, चकाकणारी पट्टी दिसते, ती धार लावताना घासलेली बाजू. धारेचा कोन प्रत्येक बाजूला २० अंशांचा असेल आणि मागची जाडी ०.४ मिलिमीटर असेल, तर ही पट्टी जेमतेम ०.६ मिलिमीटर रुंद दिसते. जाडी दुप्पट झाली की पट्टीही दुप्पट, म्हणजे १.२ मिलिमीटरच्या आसपास. थोडक्यात, पट्टी केसासारखी बारीक दिसली तर पातं पातळ आणि ठळक, रुंद दिसली तर जाड. एक अपवाद लक्षात ठेवा. कोन बराच कमी, समजा १५ अंशांचा, ठेवला असेल तर पातळ पात्यावरही पट्टी थोडी रुंद दिसते. म्हणून शेजारी दुसरा चाकू धरून तुलना करा. पट्टी दोन्ही बाजूंना सारखी आहे का आणि मुळापासून टोकापर्यंत तिची रुंदी बदलत नाही ना, तेही याच वेळी पाहून घ्या. टोकाकडे ती थोडी रुंदावते, तेवढं चालतं.

कोनाबद्दल एक समज घट्ट बसलेला आहे, की कोन मोठा ठेवला तर धार जास्त टिकते. चिरण्या-मोडण्यापुरतं ते बरोबर आहे. पण साध्या झिजेच्या बाबतीत उलट घडतं. धार किती टिकते हे मोजायची एक प्रमाणित चाचणी आहे, आयएसओ ८४४२-५. तिच्यात ५ टक्के सिलिका मिसळलेल्या कागदाच्या गठ्ठ्यातून पातं पुन्हा पुन्हा फिरवतात आणि एकूण किती कागद कापला ते मोजतात. त्याच पोलादाचा कोन कमी केला की कापलेला कागद वाढतो, कारण पातळ कोनाची धार थोडी बोथटली तरी कापत राहते. खोकी आणि दोऱ्यांसाठी प्रत्येक बाजूला १७ ते २० अंश ठेवा. लाकूड जास्त तासणार असाल तर २० च्या खाली जाऊ नका.

पात्याच्या आकाराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पाठ टोकाकडे हलक्या उताराने खाली येते असा ड्रॉप पॉइंट आकार जवळजवळ सगळ्या कामांना चालतो. धार सरळ आणि पाठ टोकाशी गोल वळलेली असा शीप्सफूट खोकी फोडणाऱ्यांना आवडतो, कारण त्याचं टोक आतल्या वस्तूत घुसत नाही. टँटोसारखी कोनाची टोकं आणि पात्यावरचे दाते पहिल्या चाकूला नकोत. दात्यांनी जाड दोर चांगला तुटतो, पण त्यांना घरच्या सपाट दगडावर धार लागत नाही.

पोलाद: नावापेक्षा पाणी महत्त्वाचं

पोलादाकडून चार गोष्टी हव्या असतात. धार टिकावी, पातं चिरू नये, गंजू नये आणि बोथटल्यावर धार लवकर यावी. या चारही एकदम मिळत नाहीत. कार्बन, व्हॅनेडियम वाढवलं की पोलादात कठीण कण तयार होतात आणि झीज कमी होते. पण तेच कण दगडालाही दाद देत नाहीत, आणि फार झाले तर धार ठिसूळ होते.

गंजापासून वाचवतं ते क्रोमियम. तरी आकडा वाचून फसू नका. क्रोमियमचा काही भाग कार्बनशी बांधला जाऊन कणांत अडकतो. जो भाग पोलादात विरघळलेला राहतो तोच गंज अडवतो. डी२ या पोलादात १२ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असूनही घामट खिशात त्यावर ठिपके पडतात, कारण त्यात कार्बन दीड टक्का आहे. याउलट लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने तयार केलेलं, २०२१ मध्ये बाजारात आलेलं मॅग्नाकट हे पोलाद घ्या. त्यात क्रोमियम ११ टक्क्यांहूनही कमी आहे, पण ते कणांत अडकू नये अशी त्याची रचना असल्यामुळे गंजाला ते जास्त क्रोमियमच्या कित्येक पोलादांपेक्षा चांगलं तोंड देतं.

कडकपणा रॉकवेल सी या मापात सांगतात. स्विस चाकू बनवणाऱ्या व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्यांचा कडकपणा ५६ च्या आसपास असतो. तो काही जण कमी समजतात, पण त्यामागे विचार आहे. मऊ धार आदळली तर तुटत नाही, एका बाजूला वळते, आणि चामड्याच्या पट्ट्यावर किंवा सिरॅमिकच्या दांडीवर दोन-चार फटके दिले की सरळ होते. ५८ ते ६० हा मधला, सर्वांना मानवणारा पट्टा. ६१ च्या पुढे धार बरीच टिकते, पण स्टेपलच्या पिनेवर किंवा खिळ्यावर आपटली तर कपचा उडण्याची शक्यता वाढते, आणि कपचा काढायला दगडावर बराच वेळ घासावं लागतं.

एकच पोलाद दोन कारखान्यांतून दोन तऱ्हांचं बाहेर पडतं, कारण ते किती तापवलं, किती लवकर थंड केलं, पुन्हा किती अंशांवर मऊ केलं यावर सगळं ठरतं. म्हणून साधं पोलाद, पण त्याला पाणी द्यायची कारखान्याची ख्याती, हा सौदा भारी पोलाद आणि अनोळखी कारखाना यापेक्षा नेहमी चांगला. ४२०एचसीसारखं साधं पोलाद बक कंपनी कित्येक दशकं वापरते आहे आणि त्याच्या धारेबद्दल फारशी तक्रार ऐकू येत नाही, ती याचमुळे.

पहिल्या चाकूला १२सी२७, १४सी२८एन, ४२०एचसी, एयूएस-८ किंवा ८सीआर१३एमओव्ही यांपैकी काहीही घ्या. ही पोलादं साध्या दगडावर झटपट धार घेतात आणि गंजत नाहीत म्हटलं तरी चालेल. थोडं वरचं हवं असेल तर व्हीजी-१० किंवा १५४सीएम. एस३०व्ही, एस३५व्हीएन यांसारखी पावडरची (धातूची भुकटी दाबून बनवलेली) पोलादं उत्तम आहेत, पण ती घेतली की हिऱ्याची प्लेट घ्यावी लागते. एस३०व्हीमध्ये ४ टक्के व्हॅनेडियम असतं आणि व्हॅनेडियम कार्बाइडचे कण साध्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतात. दगड भोवतालचं पोलाद खातो, कण मात्र तसेच उरतात. धार लावायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला वाटतं आपलाच हात चुकतोय.

साधं कार्बनचं पोलाद घ्यावं का? त्याला धार सुरेख चढते, पण लिंबू कापून तसंच ठेवलं तर तासाभरात डाग पडतो आणि ओलं राहिलं तर गंज चढतो. दर वेळी पुसून ठेवायची तयारी असेल तरच घ्या. काही दिवसांनी पात्यावर करडा-निळसर थर येतो. तो गंज नव्हे, उलट लाल गंज थोडा रोखतो.

पात्यावर नुसतं ‘सर्जिकल स्टील’ लिहिलेलं असेल तर ते कशाचंच नाव नाही. ‘४४०’ पुढे अक्षर नसेल तर तेही अर्धवटच. ४४०ए आणि ४४०सी यांच्या कार्बनमध्ये मोठा फरक आहे, आणि अक्षर गाळलं असेल तर ते सहसा सी नसतं.

लॉक हवं का, आणि कुठलं

लॉकचं काम एकच, पातं अवेळी बोटांवर मिटू न देणं. पण नीट कापताना जोर धारेवर येतो आणि त्याने पातं उघडंच राहतं. मिटायचा धोका येतो तो टोकाने भोसकताना, चिरेत अडकलेलं पातं ओढून काढताना किंवा पाठीवर जोर पडला तर. ही कामं टाळली तर बिनलॉकचा, स्प्रिंगच्या जोरावर उघडा राहणारा चाकू पूर्ण सुरक्षित असतो. त्याला यंत्रणा कमी, बिघाड कमी, आणि कायद्याची अडचणही बहुतेक ठिकाणी सगळ्यात कमी.

लॉक हवं असेल तर पाच प्रकार समोर येतात. पाठीवरचं लॉक बक ११० या चाकूने १९६४ मध्ये लोकप्रिय केलं. ते मजबूत असतं, कचरा गेला तरी सहसा बिघडत नाही, पण मिटायला बहुतेकांना दोन हात लागतात आणि पातं वर-खाली किंचित हलतं. इतकं हलणं या रचनेत चालतं. लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाखाली उभी राहते. फ्रेम लॉकमध्ये तेच काम मुठीची अख्खी बाजू करते. आडव्या दांडीच्या लॉकमध्ये एक दांडी पात्याच्या बुडावर बसते. ते दोन्ही हातांना सारखंच सोयीचं, बोटं पात्याच्या वाटेत आणायची गरजच नाही. त्यातल्या बारीक तारेच्या स्प्रिंगा मात्र कधीतरी तुटतात आणि बदलाव्या लागतात. ओपिनेलची फिरती कडी १९५५ पासून आहे. ती सगळ्यात साधी, पण फिरवायची आठवण आपल्यालाच ठेवावी लागते.

लायनर लॉकचा चाकू हातात आला की एक गोष्ट जवळून पाहा. पातं सावकाश पूर्ण उघडा आणि मुठीच्या पाठीकडून फटीत डोकावा. सरकून आलेली पट्टी पात्याच्या बुडाला कुठे टेकली आहे? बुडाच्या रुंदीचा साधारण पाव ते निम्मा भाग तिने व्यापलेला असावा. जेमतेम काठावर टेकली असेल तर जोरात पकडल्यावर निसटू शकते. नव्या चाकूतच पलीकडच्या बाजूला जाऊन पोचली असेल तर झिजेला जागा उरलेली नाही, कारण वापराने ही पट्टी पलीकडेच सरकत जाते. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला घेऊन, मुठीच्या दोन्ही कडा पकडून पाठीवर अंगठ्याने हळूहळू जोर वाढवा. लॉक सरकलं किंवा ‘कट्’ आवाज आला तर तो चाकू परत द्या. पात्याची पाठ टेबलावर आपटून पाहायची पद्धत काही जण सांगतात. ती करू नका, चांगलं लॉकही त्याने खराब होतं.

मूठ, वजन, क्लिप

मुठीत चार बोटं बसली पाहिजेत आणि धार जिथे सुरू होते तिथे बोट घसरू नये म्हणून आडोसा किंवा खाच हवी. मूठ घट्ट पकडून अर्धा मिनिट थांबा. तळव्याला कुठे टोचलं तर ती जागा सहसा खिशाला अडकवायच्या क्लिपची कड असते, आणि तासभर काम केल्यावर तिथेच फोड येतो.

साहित्यात काच-तंतू मिसळलेलं नायलॉन सगळ्यात हलकं, पाण्याने न बिघडणारं. काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीत दाबून केलेलं जी१० घट्ट पकड देतं, पण फार खरखरीत असेल तर खिशाची कड झिजवतं. कापडाचे किंवा कागदाचे थर राळेत दाबून केलेलं मायकार्टा हाताला ऊबदार लागतं आणि वापराने गुळगुळीत होत जातं. टायटॅनियम देखणं असतं, पण ओल्या हातात घसरतं. लाकूड हाताला छान लागतं, फक्त भिजलं की फुगतं. ओपिनेलचं पातं पावसाळी हवेत घट्ट होऊन उघडेनासं होतं, ते याच कारणाने. मूठ पूर्ण सुकू द्या, जबरदस्ती केली तर नख तुटेल किंवा पातं अचानक सुटेल.

वजन ५० ते ९० ग्रॅममध्ये ठेवा. ओपिनेलचा ८ नंबर ४५ ग्रॅमच्या आसपास, तर बक ११० दोनशेच्या घरात. म्हणूनच बक ११० पट्ट्याला लावायच्या म्यानातून बाळगतात. खिशाला लावायची क्लिप आणि एका हाताने उघडायचं गोल भोक, हे दोन्ही स्पायडरको कंपनीने १९८१ मध्ये एका चाकूत आणलं आणि आज बहुतेक कंपन्या त्यांपैकी काहीतरी वापरतात. क्लिपमुळे चाकू खिशाच्या तळाशी किल्ल्यांत लोळत नाही. क्लिप दोन्ही बाजूंना लावता येते का, हे डावखुऱ्यांनी आधी विचारावं.

उघडायची पद्धत आवडीची आहे, पण पातं मिटलेलं असताना पकडही हवी. मिटलेला चाकू हातात घेऊन, पातं जिथून बाहेर येतं ती मुठीची उघडी बाजू खाली करून झटका द्या. पातं थोडंही बाहेर आलं तर खिशात ते हाताला लागेल. आणि मिटल्यावर टोक मुठीच्या कडेबाहेर डोकावत नाही ना, ते बोटाच्या पोटाने नव्हे, कापडाने फिरवून तपासा.

नव्या चाकूचं पातं मुठीच्या दोन बाजूंच्या बरोबर मध्ये मिटावं. थोडं एका अंगाला असेल आणि घासत नसेल तर चालतं. उघडल्यावर टोक धरून उजवी-डावीकडे हलवून पाहा. हालत असेल तर पातं ज्या स्क्रूवर फिरतं तो पिव्हट सैल आहे. त्याला बहुधा टी८ टॉर्क्स बिट (सहा टोकांच्या चांदणीचा स्क्रू ड्रायव्हर) लागतो. एका वेळी वळशाचा आठवा भागच फिरवा. पातं हलणं थांबेल पण फिरणं अडणार नाही, ही जागा फार अरुंद असते. पुन्हा पुन्हा सैल होत असेल तर आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू घट्ट धरणाऱ्या गोंदाचा) एक अगदी छोटा थेंब द्या, लाल नको. लाल लावलं तर पुढे स्क्रू उघडायला तापवावा लागतो. नामांकित मॉडेलच्या हुबेहूब नकला भरपूर मिळतात. किंमत नेहमीपेक्षा फारच कमी असेल आणि विक्रेता कंपनीचा अधिकृत नसेल, तर पोलादावर कोरलेल्या नावाला काही अर्थ उरत नाही.

कोणता घ्यावा असं सरळ विचारलं तर उत्तर कामावर आहे. पात्याइतकेच कात्री, स्क्रू ड्रायव्हर आणि डबा उघडणी लागत असतील तर ९१ मिलिमीटर मिटलेल्या लांबीचा स्विस चाकू घ्या. त्याचं बिनलॉकचं पातं पातळ आहे. फळं आणि लाकूड जास्त असेल तर स्टेनलेस पात्याचा ओपिनेल ७ किंवा ८ नंबर. दिवसाला दहा-वीस खोकी फोडायची असतील तर एका हाताने उघडणारं, नायलॉन किंवा जी१० मुठीचं लॉकवालं पातं. बेअरिंगवर फिरणारं पातं झरकन उघडतं, पण धुळीच्या जागी काम असेल तर साध्या ब्राँझच्या वॉशरवर फिरणारं घ्या. बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये कचरा अडकला की पातं करकरतं.

धार लावणं चाकूबरोबरच शिका

चाकूसोबत ४०० आणि १००० ग्रिटचा (ग्रिटचा आकडा मोठा तितका दगड बारीक) दुहेरी दगड, चामड्याचा पट्टा आणि खाद्यपदार्थाला चालेल असं मिनरल ऑइल घ्या. धार पूर्ण मरेपर्यंत थांबू नका. कागद कापण्याऐवजी फाटायला लागला की १००० च्या दगडावर पाच मिनिटं पुरतात. पुठ्ठ्यालाही दाद देईना, अशी गत झाली की ४०० वर अर्धा तास जातो.

कोन डोळ्यांनी धरायचा तर एक माप उपयोगी पडतं. पातं २.५ सेंटिमीटर रुंद आणि पाठ ३ मिलिमीटर जाड असेल, तर पाठीची खालची कड दगडापासून ७ मिलिमीटर वर धरली की २० अंश होतात, ६ मिलिमीटरवर साधारण १७. तेवढ्या उंचीची पुठ्ठ्याची चवड दगडाच्या कडेला ठेवा आणि पहिल्या काही फटक्यांना तिच्याशी ताडून पाहा. त्याआधी धारेच्या पट्टीवर मार्कर पेनने रंग द्या. चार-पाच फटके मारून पाहा. रंग फक्त वरच्या काठाचा गेला तर कोन लहान आहे, पाठ थोडी वर करा. फक्त धारेकडचा गेला तर मोठा आहे, पाठ खाली घ्या. पूर्ण पट्टीवरचा सारखा जायला लागला की कोन जुळला.

दगड पाण्याने किंवा तेलाने ओला करा, जो ज्यासाठी आहे त्याप्रमाणे. एकाच बाजूने मुळापासून टोकापर्यंत घासत राहा, धार पुढे ठेवून, पातळ साल काढल्यासारखं. टोकाकडे वळताना मूठ किंचित उचला, नाहीतर टोकाला धार लागत नाही. जोर फक्त पात्याच्या वजनापेक्षा थोडा जास्त. दर दहा फटक्यांनी दुसऱ्या बाजूने, पाठीकडून धारेकडे, अंगठा धारेच्या आडवा हलकेच सरकवून पाहा. धारेच्या बाजूने अंगठा कधीच फिरवायचा नाही. एका क्षणी त्या बाजूला धारेवर किंचित अडखळणारी कड लागते. ही बर. दगडाने घासत घासत धातू इतका पातळ केला की तो पलीकडे वळला. बर पूर्ण लांबीभर लागेपर्यंत दुसरी बाजू घासायला घेऊ नका. नव्याने शिकणाऱ्यांच्या धारा फसतात त्या बहुधा इथेच, कारण जिथे बर आली नाही तिथे दोन्ही बाजू धारेवर भेटलेल्याच नसतात.

आता दुसरी बाजू घासा, बर पहिल्या बाजूला येईपर्यंत. मग एक फटका इकडे, एक तिकडे, दर वेळी जोर कमी करत न्या. शेवटचे सहा-सात फटके नुसत्या पात्याच्या वजनाने. तरी थोडी बर उरतेच. ती चामड्यावर जाते, पण चामड्यावर धार मागे ठेवून ओढायची, पुढे ढकललं तर धार चामड्यात घुसते. प्रत्येक बाजूला दहा-पंधरा फटके. बर न काढता सोडलेली धार पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी कापत नाही. अशा वेळी पोलादाला दोष देऊ नका, ती वळलेली बर मोडून पडलेली असते.

काचेवर, चिनी मातीच्या ताटलीवर किंवा दगडी ओट्यावर कधी कापू नका. तिथे धार एका फटक्यात चपटी होते. डबा उघडायला किंवा काही उचकटायला टोक वापरलं तर ते तुटतं, आणि टोक परत घडवायला पाठीकडून बराच धातू घासून काढावा लागतो. फळ किंवा काही चिकट कापल्यावर कोमट पाणी, थोडा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश, मग पूर्ण सुकवा. पिव्हटमध्ये एक थेंब तेल, उघडझाप करून पसरवा आणि जास्तीचं पुसून काढा. ओलं तेल खिशातला धागा-कचरा धरून ठेवतं. चामड्याच्या म्यानात चाकू महिनोन्‌महिने ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पात्यावर डाग पडतात. ठेवायचाच असेल तर तेलाचा पातळ हात देऊन कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा.